जेम्सटाउनचा उपाशी हिवाळा : हुकूमनामा एका बेटावर, माणसं दुसऱ्या बेटावर

1609 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन किल्ल्यात दोन-तीनशे इंग्रज राहत होते. पुढच्या मे महिन्यात त्यांतले साठेक उरले. या सात महिन्यांना तिथल्या इतिहासात ‘उपासमारीचा काळ’ म्हणतात आणि ही गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते : कॅप्टन जॉन स्मिथ हा खमका माणूस होता तोवर वसाहत तगली, तो गेला आणि आळशी लोक भुकेने मेले.

ही मांडणी मला अपुरी वाटते, कारण त्याच हिवाळ्यात, ही वसाहत वसवणाऱ्या लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीची माणसं आणखी दोन ठिकाणी होती. जेम्स नदीच्या मुखाशी, किल्ल्यापासून पन्नास-साठ किलोमीटर खाली, पॉइंट कम्फर्ट इथे एक छोटी गढी होती. तिथली तुकडी इतकी खाऊनपिऊन होती की खेकडे डुकरांना घालत होती. आणि अटलांटिकमध्ये हजारेक किलोमीटरवर, बर्म्युडा बेटावर जहाज फुटून अडकलेले दीडशे जण होते. तिथे दगावलेल्यांची संख्या अगदी थोडी. एक कंपनी, एक हिवाळा, तीन ठिकाणं. म्हणून हे प्रकरण नेतृत्वाच्या अंगाने नीट पाहण्यासारखं आहे.

जागा आणि पाणी

व्हर्जिनिया कंपनीची तीन जहाजं, सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी, डिसेंबर 1606 मध्ये लंडनहून निघाली. मे 1607 मध्ये 104 पुरुष आणि मुलगे जेम्स नदीतल्या एका बेटावर उतरले. सखल, दमट जागी वस्ती करू नका, असं कंपनीच्या लेखी सूचनांत स्पष्ट होतं. तरीही हे दलदलीचं बेट निवडलं गेलं, कारण तिथे पाणी इतकं खोल होतं की जहाज थेट काठाला लागे, आणि स्पॅनिशांचा हल्ला आला तर बचाव सोपा होता. भीती स्पॅनिशांची होती. मारलं मात्र पाण्याने.

उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावला की समुद्राचं खारं पाणी भरतीबरोबर वर चढतं आणि बेटापाशी येऊन रेंगाळतं. वस्तीची घाणही तिथेच साचून राहते. लोक तेच पाणी पीत होते. विषमज्वर, हगवण आणि मिठाची बाधा यांनी पहिल्याच ऑगस्टमध्ये माणसं पटापट मरू लागली. जानेवारी 1608 मध्ये कॅप्टन ख्रिस्तोफर न्यूपोर्ट पुढची रसद घेऊन आला तेव्हा 104 पैकी 38 जिवंत होते.

त्यात दुष्काळ. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्या भागातल्या जुन्या झाडांच्या खोडांतल्या वाढीच्या कड्यांच्या अभ्यासातून दिसलं की 1606 ते 1612 ही सात वर्षं जवळपास पावणेआठशे वर्षांतली सर्वांत कोरडी होती. ही गोष्ट इंग्रजांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण शेजारच्या पाउहाटन लोकांना ती आपल्या शेतांवरून दिसत होती. तीसएक जमातींचा मिळून एक मोठा समूह आणि त्याचा प्रमुख वाहुनसोनाकॉक. इंग्रज त्यालाच पाउहाटन म्हणत. त्यांचा मका त्यांनाच पुरत नव्हता आणि हे पाहुणे दर काही आठवड्यांनी मका मागायला येत होते.

इथे थोडं विषयांतर करतो. व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही गव्हर्नर होता. जेम्सटाउनला रसद नेणाऱ्या न्यूपोर्टनेच पुढे 1615 मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याला सुरतेच्या बंदरापर्यंत पोचवलं. म्हणजे लंडनमधलं एकच छोटं वर्तुळ दोन्हीकडे पैसे लावत होतं. सुरतेला अन्न बाजारात मिळत होतं. वखारीतल्या इंग्रजाला नांगर धरावा लागत नव्हता. व्हर्जिनियात असा बाजार नव्हता, तरीही तांबं आणि काचमणी देऊन वर्षभराचं धान्य मिळत राहील हे गृहीत धरलं गेलं. जहाजांवरचे खलाशी चोरून इतकं तांबं विकू लागले की त्याची किंमतच घसरली, आणि तेवढ्याच तांब्याला मका कमी कमी मिळू लागला.

अध्यक्ष येतात, अध्यक्ष जातात

कारभाऱ्यांची नावं कंपनीने मोहोरबंद पेटीत पाठवली होती आणि ती पेटी अमेरिकेला पोचल्यावरच उघडायची होती. म्हणजे साडेचार महिन्यांच्या प्रवासात आपला प्रमुख कोण हेच कुणाला माहीत नव्हतं. पेटी उघडली तेव्हा यादीत जॉन स्मिथचं नाव निघालं, आणि तो तर वाटेतच बंडाच्या आरोपावरून कैदेत होता.

सात जणांचं मंडळ आणि त्यांनी आपल्यातून निवडलेला अध्यक्ष, अशी ही व्यवस्था. पहिला अध्यक्ष एडवर्ड मारिया विंगफील्ड याला अन्न दडवल्याच्या आरोपावरून सप्टेंबर 1607 मध्ये उतरवलं. त्या वेळी माणशी रोज अर्धा पाइंट गहू आणि तेवढीच बार्ली मिळत होती, तीही जहाजाच्या तळाशी सहा महिने पडून किडलेली. विंगफील्डच्या जागी जॉन रॅटक्लिफ आला. मंडळातल्या जॉर्ज केंडॉलला फितुरीच्या आरोपाखाली गोळी घातली. बार्थोलोम्यू गॉसनॉल्ड, ज्याचं सगळे ऐकत, तो पहिल्याच ऑगस्टमध्ये आजाराने गेला. न्यूपोर्टला सारखं लंडनला परत जावं लागे. भरीस भर म्हणजे 1608 च्या वसंतात सोनं सापडल्याच्या भ्रमात सगळे माती खणत, धूत बसले. जहाज भरून माती लंडनला गेली, ती निव्वळ माती निघाली. पेरणीचे दिवस तेच होते.

सप्टेंबर 1608 मध्ये अध्यक्षपद स्मिथकडे आलं. ‘जो काम करणार नाही त्याने खाऊ नये’ हा बायबलमधला नियम त्याने लागू केला आणि आजही त्याची आठवण निघते ती याच वाक्याने. वाक्य टाळ्यांचं आहे. पण लोक त्या वाक्याने जगले असं मला वाटत नाही. त्याची दोन कामं अधिक मोलाची. एक, त्याने किल्ल्यात विहीर खणवली. दुसरं म्हणजे 1609 च्या वसंतात कोठारातला मका उंदरांनी फस्त केल्याचं उघड झालं, तेव्हा त्याने सगळ्यांना एका जागी उपाशी ठेवलं नाही, माणसं पांगवली. साठ-ऐंशी जण नदीच्या खालच्या अंगाला कालवांच्या खडकांवर गेले, वीसेक जण नदीच्या वरच्या अंगाच्या धबधब्यांकडे, आणि वीसेक जण मासेमारीसाठी पॉइंट कम्फर्टला. अन्न आपल्याकडे येत नसेल तर माणसांना अन्नाकडे न्यायचं. हा निर्णय घ्यायला कोणत्या ठिकाणी कोणत्या ऋतूत काय मिळतं हे माहीत असावं लागतं. स्मिथने चेसापीक उपसागराचा, म्हणजे ही नदी जिथे समुद्राला मिळते त्या उपसागराचा, सगळा किनारा होडीतून पालथा घातला होता, म्हणून त्याला ते माहीत होतं.

पॉइंट कम्फर्टला गेलेल्या तुकडीचा म्होरक्या होता जॉर्ज पर्सी. स्मिथच्या बाजूच्या लोकांनी नंतर लिहून ठेवलं की सहा आठवड्यांत या तुकडीने जाळं एकदाही टाकलं नाही. पर्सी हे नाव लक्षात ठेवावं.

स्मिथची दुसरी बाजूही सांगायला हवी. पाउहाटनांकडून मका मिळवताना तो सौद्याइतकाच धाकाचा वापर करी. गावप्रमुखाचे केस धरून छातीवर पिस्तूल रोखल्याचं त्याने स्वतः अभिमानाने सांगितलं आहे. त्या वर्षी मका मिळाला, पण पुढच्या वर्षीची दारं बंद होत गेली. 1609 च्या हिवाळ्यात किल्ल्याला वेढा पडला त्यात या वागण्याचा वाटा आहे.

1609 : घडी विस्कटली ती लंडनमध्ये

माझ्या मते या प्रकरणाचं केंद्र इथे आहे. मे 1609 मध्ये कंपनीने नवी सनद मिळवली. मंडळ आणि अध्यक्ष ही पद्धत रद्द झाली. त्याऐवजी सर्वाधिकार असलेला एकच गव्हर्नर. निदान बरोबर होतं, कारण सात जणांच्या भांडणांनी दोन वर्षं खाल्ली होती. पहिला गव्हर्नर म्हणून सर थॉमस गेट्स निघाला. नऊ जहाजं, सुमारे पाचशे माणसं, त्यांत बायका आणि मुलंही.

पण मानापमान आडवा आला. गेट्स, आरमारप्रमुख सर जॉर्ज सोमर्स आणि न्यूपोर्ट या तिघांत आधी कोण पोचणार, म्हणजे कोणाचा मान मोठा, यावर एकमत होईना. तोडगा असा निघाला की तिघेही एकाच जहाजात बसले. सी व्हेंचर हे ते जहाज. गव्हर्नर, आरमारप्रमुख, सर्वांत अनुभवी कप्तान आणि नव्या सनदेचे हुकूमनामे, सगळं एका लाकडी तळावर.

जुलैच्या शेवटी चक्रीवादळ झालं. सी व्हेंचर ताफ्यापासून तुटलं आणि बर्म्युडाच्या खडकांत रुतलं. उरलेल्यांपैकी बहुतेक जहाजं ऑगस्टमध्ये मोडक्या अवस्थेत जेम्सटाउनला लागली. त्यांच्यातून शेकडो आजारी, भुकेली माणसं उतरली. वादळात शिधा भिजून गेला होता. त्यांच्याबरोबर स्मिथचे जुने वैरीही परत आले : रॅटक्लिफ, मार्टिन, आर्चर. ते म्हणाले, तुझी सत्ता रद्द झाली आहे. स्मिथ म्हणाला, कागद दाखवा. कागद बर्म्युडाच्या वाळूवर होते.

जुना अधिकार संपला होता आणि नवा पोचला नव्हता. त्या फटीत स्मिथने पुन्हा माणसं पांगवायचा प्रयत्न केला. नॅन्समंड जमातीकडे गेलेल्या मार्टिन आणि पर्सीच्या तुकडीने त्यांचं बेटच बळकावलं, घरं जाळली, देवस्थानं लुटली. धबधब्यांकडे गेलेल्यांचंही स्थानिकांशी वाकडं आलं. वसंतात ज्या उपायाने लोक तगले, तोच शरदात युद्धाचं निमित्त झाला, कारण पांगलेल्या तुकड्यांवर कुणाचा वचक नव्हता. सप्टेंबरात होडीत झोपलेल्या स्मिथच्या कमरेजवळच्या बारुदाच्या पिशवीला ठिणगी लागली आणि तो वाईट भाजला. ऑक्टोबरात तो इंग्लंडला परतला, पुन्हा व्हर्जिनियाला आला नाही.

अध्यक्षपद पर्सीच्या गळ्यात पडलं. नॉर्थम्बरलंडच्या उमराव घराण्यातला धाकटा मुलगा, वय 29, प्रकृती तोळामासा. तोही त्याच जहाजांतून परत जाणार होता. आग्रह करून त्याला थांबवलं गेलं.

हिवाळा

स्मिथ गेला तेव्हा किल्ल्यात पाच-सहाशे डुकरं, कोंबड्या, जाळी, होड्या आणि दहा आठवड्यांचा शिधा होता, असं त्याच्या बाजूचे लोक सांगतात. आकडे थोडे फुगवलेले असतील, पण काहीतरी होतं हे नक्की. पर्सीने हिशेब केला आणि डॅनियल टकरकडे शिधावाटप सोपवलं : माणशी रोज अर्धा डबा पीठ. हे काम टकरने काटेकोरपणे केलं आणि पर्सीने त्याबद्दल त्याची नावानिशी स्तुती केली आहे.

मग धान्यासाठी दोन मोहिमा. रॅटक्लिफ पन्नासेक माणसं घेऊन पाउहाटनकडे सौद्याला गेला. तो गाफील राहिला, तुकडी विखुरली, आणि बहुतेक सगळे मारले गेले. रॅटक्लिफला हाल करून मारलं. दुसरीकडे फ्रान्सिस वेस्ट तीसेक माणसांसह एक गलबत घेऊन उत्तरेला पोटोमॅक नदीकडे गेला. त्याने मारझोड करून, डोकी उडवून गलबत मक्याने भरलं. परतताना पॉइंट कम्फर्टला त्याला सांगितलं गेलं की किल्ल्यात लोक मरताहेत, घाई करा. त्याने शिडं फिरवली आणि सगळा मका घेऊन तो सरळ इंग्लंडला गेला. वसाहतीचं ते गलबतही असं हातचं गेलं.

नोव्हेंबरपासून पाउहाटनांनी किल्ल्याभोवतीची वाट बंद केली. तटाबाहेर पडलेला माणूस परत येण्याची खात्री नव्हती. जवळच्या बेटावर सोडलेली डुकरं त्यांनी मारून टाकली. पर्सीच्या स्वतःच्या निवेदनात क्रम दिला आहे : आधी घोडे, मग कुत्री, मांजरं, उंदीर, मग बुटांचं चामडं. मग पुरलेली प्रेतं उकरली गेली. एका माणसाने आपल्या गरोदर बायकोला मारून मांस खारवून ठेवलं. पर्सीने त्याचा कबुलीजबाब घेतला आणि त्याला देहदंड दिला. ही वर्णनं अतिशयोक्त असावीत असं बरेच अभ्यासक मानत. 2012 मध्ये किल्ल्यातल्या एका तळघराच्या उत्खननात चौदाएक वर्षांच्या इंग्रज मुलीच्या कवटीचे आणि पायाच्या हाडाचे तुकडे मिळाले. त्यांवर मांस सोडवल्याच्या सुरीच्या खुणा आहेत. कवटीवरचे पहिले घाव चाचरत घातलेले दिसतात. ज्याने ते घातले त्याला हे काम येत नव्हतं. संशोधकांनी त्या मुलीला जेन हे नाव दिलं आहे. तिचं खरं नाव कळायला मार्ग नाही.

मे महिन्यात पर्सी आजारातून थोडा सावरला आणि नदीतून खाली पॉइंट कम्फर्टला गेला. तिथल्या गढीचा प्रमुख कॅप्टन जेम्स डेव्हिस. सगळे धडधाकट. पर्सीने लिहिलं आहे की त्यांनी आपली सुबत्ता आमच्यापासून लपवली, आणि नुसते डुकरांना घातलेले खेकडे जरी मिळाले असते तरी आमचे कित्येक जीव वाचले असते. त्याच्या समजुतीप्रमाणे काही निवडक लोकांना जगवून दोन गलबतांतून इंग्लंडला पळायचा त्यांचा बेत होता.

डेव्हिसची बाजू आपल्यापर्यंत आलेली नाही. पण त्याचा दोष धरला तरी एक प्रश्न उरतोच. पर्सी आधी का गेला नाही? वर्षभरापूर्वी मासेमारीसाठी त्याच जागी राहिलेला तो माणूस होता. वेस्टचं गलबत तिथे थांबून गेलं होतं. जमिनीवरून वाट बंद होती हे खरं, पण नदीवर इंग्रजांचं वर्चस्व होतं आणि उपाशी टकरनेही त्याच दिवसांत एक मोठी होडी बांधली होती. पर्सीने शिधा मोजला, चोरांना शिक्षा दिली. जे किल्ल्यात होतं त्याची त्याने व्यवस्था केली. किल्ल्याबाहेर काय आहे याची चौकशी मात्र सात महिने झाली नाही. त्याचा आजार, दहशत, होड्यांची टंचाई ही सगळी कारणं मी मान्य करतो. तरी या प्रकरणातली सर्वांत महाग चूक मला हीच वाटते.

भेटीनंतर त्याने ताबडतोब योग्य निर्णय घेतला : किल्ल्यातली अर्धी माणसं खाली आणायची, ती सावरली की उरलेली अर्धी. हा बेत अमलात येण्याआधीच दोन अनोळखी गलबतं उपसागरात शिरली.

बर्म्युडाची माणसं

ती गलबतं होती डिलिव्हरन्स आणि पेशन्स, सी व्हेंचरच्या अवशेषांतून आणि बर्म्युडाच्या देवदार जातीच्या झाडांतून बांधलेली. गेट्स, सोमर्स आणि सुमारे 140 माणसं.

बर्म्युडाला रानडुकरं, कासवं, मासे आणि हाताने पकडता येतील असे समुद्रपक्षी होते. कुणी शत्रू नव्हता. त्यामुळे गेट्सची थेट पर्सीशी तुलना करणं अन्यायाचं ठरेल. पण पोट भरलं म्हणजे शिस्त आपोआप येत नाही, उलट तिथे वेगळाच पेच उभा राहिला : इथे सुखात आहोत तर व्हर्जिनियाला जायचं कशाला? एकामागून एक बंडं झाली. गेट्सने स्टीफन हॉपकिन्सला देहदंड सुनावून मग माफ केलं; हेन्री पेनला मात्र गोळी घातली. सोमर्सशी त्याचं पटत नव्हतं, म्हणून दोघांनी दोन वेगळ्या ठिकाणी तळ केले आणि दोघांनी एकेक जहाज बांधलं. भांडण मिटलं नाही, पण कामाच्या आड आलं नाही. लोकांसमोर रोज वाढताना दिसणारी एक गोष्ट होती, जहाजाचा सांगाडा.

जेम्सटाउनला भरपूर असेल या समजुतीने त्यांनी प्रवासापुरतंच अन्न घेतलं होतं. किल्ल्यात त्यांना तट उखडलेला, दरवाजे बिजागऱ्यांवरून निखळलेले आणि मेलेल्यांची घरं सरपणासाठी फोडलेली दिसली. शिधा मोजला तर दोन-अडीच आठवड्यांचा. गेट्सने वसाहत सोडायचं ठरवलं. 7 जून 1610 रोजी सगळे जहाजांवर चढले. लोकांना किल्ला जाळायचा होता, म्हणून गेट्स स्वतः सर्वांत शेवटी चढला. दुसऱ्याच दिवशी नदीत त्यांना एक होडी आडवी आली. नवा गव्हर्नर लॉर्ड डि ला वॉर 150 माणसं आणि मुबलक शिधा घेऊन मुखाशी पोचला होता. सगळ्यांना परत फिरावं लागलं.

नंतर

कंपनीने त्याच वर्षी छापलेल्या खुलाशात दोष ठेवला तो वसाहतकऱ्यांच्या आळसावर आणि पळालेल्या गलबतावर. तिघा प्रमुखांना एका जहाजात कुणी बसू दिलं, याचा जाब त्या खुलाशात नाही.

त्यापाठोपाठ लष्करी कायदा आला. कोठारातून चोरी केली तर मृत्युदंड, परवानगीशिवाय जनावर मारलं तर मृत्युदंड. ऑगस्ट 1610 मध्ये पर्सीच्याच हाताखालच्या तुकडीने शेजारच्या पॅस्पाहेग गावावर हल्ला केला, घरं आणि मका जाळला, प्रमुखाच्या मुलांना नदीत फेकून गोळ्या घातल्या आणि नंतर त्यांच्या आईलाही मारलं. हे पर्सीनेच लिहून ठेवलं आहे. किल्ल्यात भुकेने खचलेली माणसं आणि हे करणारी माणसं वेगळी नव्हती, आणि हे प्रकरण सांगताना हा भाग गाळला जातो तेव्हा मला राग येतो.

कडक कायद्याने भूक मिटली नाही. डि ला वॉर आजारी पडून 1611 मध्ये परत गेला. मे महिन्यात सर थॉमस डेल आला तेव्हा पेरणी जवळपास झालेलीच नव्हती आणि लोक रस्त्यात चेंडूचे खेळ खेळत होते. डेलने फटके, फाशी सगळं वापरलं. फरक पडला तो आणखी दोन-तीन वर्षांनी, जेव्हा त्यानेच सामाईक शेती आणि सामाईक कोठार ही पद्धत मोडून जुन्या रहिवाशांना प्रत्येकी तीन एकर जमीन कसायला दिली. बदल्यात वर्षाला अडीच पिंप मका आणि एक महिन्याचं काम कंपनीला. वसाहतीचा सचिव राल्फ हेमर याने नोंदवलं आहे की पूर्वी तीस जणांच्या कष्टातून जेवढं धान्य येत नसे, तेवढं आता तीन-चार जण काढू लागले. 1614 च्या तहाने लढाईही थांबली होती, त्याचाही यात हात आहे. आणि या नव्या शेतांतली काही जमीन 1611 च्या हिवाळ्यात डेलने ॲपोमॅटक लोकांना हुसकून घेतलेली होती.